पंपावरच्या पाटीआधीची बातमी द्या: मराठी संपादकांना एका निवृत्त ड्रिलरचं खुलं पत्र

मराठी वर्तमानपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

मी नेरूळला राहतो. 1987 साली तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर रफनेक म्हणजे मजूर म्हणून लागलो आणि 2019 मध्ये ड्रिलर म्हणून उतरलो. त्या बत्तीस वर्षांतली निम्मी समुद्रावर गेली, मुंबई हायच्या आसपास. चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. माणसं जुहूहून हेलिकॉप्टरनं जायची आणि सामान न्हाव्याच्या तळावरून बोटीनं यायचं: पाइप, सिमेंट, मडची (खणताना विहिरीत फिरवायच्या चिखलाची) पोती, भाजीपाला आणि दोन-तीन दिवसांची वर्तमानपत्रं. तुमचीच. मेसमध्ये एकेक पान वेगळं व्हायचं आणि बारा तासांची शिफ्ट संपवून आलेला माणूस हात धुऊन आधी त्या पानासाठी नंबर लावायचा. मी तेव्हापासूनचा वाचक आहे. तेल आणि गॅसच्या बातम्या तुम्ही ज्या तऱ्हेनं देता, त्याबद्दल गेली कित्येक वर्षं मनात साठलं आहे.

लिहायला बसवलं ते एका रिक्षावाल्यानं. नोव्हेंबर 2025 मधल्या त्या सोमवारी मी लेकीकडे ठाण्याला होतो. आदल्या दिवशी ट्रॉम्बेतल्या एका आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली होती, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला, म्हणजे गॅस शहरात शिरतो तिथे, येणारा गॅस तुटला होता आणि सीएनजी पंपांवर दाब उरला नव्हता. माजिवड्याकडे रिक्षांची रांग मुख्य रस्ता सोडून गल्लीत वळली होती. स्टेशनला यायला जी रिक्षा मिळाली, तिचा चालक तिशीचा असेल. सकाळपासून चार तास रांगेत काढून अर्धी टाकी भरून निघाला होता. मी रिगवर होतो हे बोलता बोलता निघालं तसा तो म्हणाला, "काका, मग तुम्हीच सांगा. गॅस आपल्याच समुद्रातनं निघतो ना? उरणला तर हे इथं समोर उतरतो. मग आपल्यालाच का भेटत नाय? आणि भेटतो तो सारखा महाग का होतो?"

स्टेशन आलं तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं. त्यानं रिक्षा कडेला घेतली, चावी बंद केली आणि ऐकत बसला. धंद्याचा दिवस आधीच बुडालेला असताना त्यानं ती वीस मिनिटं मला दिली. त्याच्या मोबाइलवर तुमच्या सगळ्या बातम्या होत्या: रांगा किती लांब, शेअर रिक्षानं किती जादा घेतले, शाळेच्या बस कुठे अडकल्या. सगळ्या खऱ्या. पण गॅस कुठून निघतो, कुठल्या वाटेनं येतो आणि एका ठिकाणी वाहिनी दुखावली की ठाण्यापासून नवी मुंबईपर्यंत पंप का थंड पडतात, हे त्याला दिवसभरात कुणी सांगितलेलं नव्हतं. पोट ज्या गॅसवर आहे त्याची वाट त्याला ठाऊक नसावी, याचं मला वाईट वाटलं.

मी त्याला जे सांगितलं ते इथे पुन्हा लिहितो, कारण ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

देशातल्या जुन्या क्षेत्रांमधला गॅस सरकारनं ठरवलेल्या भावानं विकला जातो. आमच्या धंद्यात त्याला एपीएम गॅस म्हणतात. एप्रिल 2023 पासून हा भाव दर महिन्याला ठरतो: भारत जे कच्चं तेल घेतो त्याच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के. खाली चार डॉलर, वर साडेसहा डॉलर. पहिली दोन वर्षं वरची मर्यादा तीच होती, नंतर ती दर वर्षी पाव डॉलरनं वाढते. हा भाव असतो दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटचा, म्हणजे रिक्षाच्या हिशोबात साधारण वीस किलो सीएनजीचा. तेव्हाच्या वरच्या मर्यादेचे, पावणेसात डॉलरचे, रुपये करा, त्याला वीसनं भागा. किलोमागे तीसच्या आतबाहेर येतात. पंपावर तो तेव्हा ऐंशीच्या आसपास देत होता. मधले पन्नास कुठले?

काही वाहिनीचं भाडं, काही कॉम्प्रेसरची वीज, पंपवाल्याचं कमिशन, कंपनीचा नफा, केंद्राचा अबकारी कर. राज्याचा व्हॅट एप्रिल 2022 मध्ये साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आला, ती बातमी तुम्ही ठळक दिली होती. पण मोठा भाग वेगळाच आहे. टाकीत येणारा सगळा गॅस त्या स्वस्त भावाचा नसतोच. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एका महिन्याच्या अंतरानं दोनदा शहरांच्या वाट्याचा एपीएम गॅस कापला गेला. जी तूट आली ती नव्या विहिरींच्या गॅसनं भरायची, ज्याला दहाऐवजी बारा टक्क्यांचा भाव आहे, नाहीतर परदेशातून उणे 162 अंशांवर द्रवरूपात आणलेल्या गॅसनं. तो गुजरातेत दहेजला उतरतो आणि वाहिनीनं उरणपर्यंत येतो. म्हणजे त्याच्या रिक्षात एकाच नळीतून समुद्रातला गॅसही येतो आणि परदेशातलाही, आणि पाटीवरचा आकडा त्या मिसळीचा असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये 'सीएनजी महागला' ही बातमी सगळ्यांनी दिली. कपात का झाली, हे मला आमच्या घरी येणाऱ्या अंकात सापडलं नाही. त्या दिवसांचे अंक मी पुन्हा काढून पाहिले.

कपात झाली, कारण विहिरी म्हाताऱ्या झाल्या आहेत. 'सागर सम्राट'नं फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबई हायला तेल शोधलं आणि 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झालं. एक रुपयाच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला त्या रिगचं चित्र आहे, कधी हातात आली तर बघा. 1989 मध्ये तिथून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या घरात तेल निघत होतं. मी तेव्हा नवा होतो, आणि हे असंच चालत राहणार असं आम्हा पोरांना वाटायचं. 2025 च्या सुरुवातीला तो आकडा सव्वा आणि दीड लाखाच्या मध्ये होता. विहिरीतला दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी यायला लागतं, मग पाणीच जास्त यायला लागतं. यात कुणाचा गुन्हा नाही, खडकाचा धर्म आहे. पण पन्नास वर्षं ज्या क्षेत्रानं देशाला पोसलं त्याचा उतार ही ठाणे, नवी मुंबई, उरण, पनवेलच्या लोकांसाठी पहिल्या पानाची बातमी आहे.

रिक्षावाल्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भागही सांगतो. मुंबई हायच्या पूर्वेला, किनाऱ्याकडे, गॅसचं मोठं क्षेत्र आहे. त्याला आपल्या वसईचं नाव आहे. इंग्रजीत ते 'बॅसीन' लिहितात, पोर्तुगीजांच्या वळणानं. मराठी बातमीत त्याचं 'बेसिन' झालेलं मी कितीदा वाचलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुठल्या तरी खोऱ्याबद्दल चाललं आहे. त्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो काढून टाकायचा कारखाना गुजरातेत हजिऱ्याला उभारला गेला, म्हणून वसईचा गॅस समुद्राखालून हजिऱ्याला जातो आणि तिथून विजयपूर, जगदीशपूरकडे निघालेल्या वाहिनीनं उत्तरेत. खत कारखान्यांना तो लागतो, शेतकऱ्याचा युरिया त्यातून बनतो. आपला गॅस आपल्याला का नाही, याचं उत्तर हे आहे. त्यात अन्याय आहे की नाही यावर भांडायला जागा आहे. पण भांडण्याआधी लोकांना नकाशा तरी दाखवा.

आता 'साठा' या शब्दाबद्दल. इथे मला थोडं जास्त लिहायचं आहे.

ड्रिलिंग चालू असताना बिटनं, म्हणजे पाइपच्या टोकाच्या दातेरी पात्यानं, फोडलेल्या दगडाचा चुरा मडबरोबर वर येतो आणि शेल शेकरवर पडतो. ती लोखंडी चाळणी सतत थरथरत असते, मड खाली गळतो आणि चुरा पुढे सरकतो. एका पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, मड लॉगिंगच्या, म्हणजे तो चुरा तपासायच्या, केबिनमधला मुलगा मला हाक मारायला ड्रिल फ्लोअरवर आला. त्यानं चमचाभर चुरा धुतला होता. काळ्या खोक्यात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो ठेवून मला झरोक्याला डोळा लावायला सांगितलं. मळकट पांढऱ्या चुनखडकाच्या कणांमध्ये काही कण सोनेरी पिवळे उजळले होते. आम्ही त्याला 'शो' म्हणतो. मी केबिनबाहेर आलो तर बातमी माझ्या आधी मेसमध्ये पोचली होती, आचाऱ्यानं शिरा टाकला होता. पुढच्या आठवड्यात त्या थराची चाचणी घेतली. पाणी आलं. पुन्हा घेतली, पुन्हा पाणी. विहिरीत सिमेंट भरून आम्ही रिग हलवली.

त्या रात्रीचा उजेड खोटा नव्हता. त्या खडकात तेल होतंच. पण खडकात तेल असणं, ते बाहेर येऊ शकणं, परवडेल इतकं येणं आणि वर्षानुवर्षं येत राहणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी बातमीत चारही गोष्टींना एकच शब्द आहे: साठा. सप्टेंबर 2025 मध्ये अंदमानच्या समुद्रात, किनाऱ्यापासून 17 किलोमीटरवर, एका विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं जाहीर झालं. नमुन्यात 87 टक्के मिथेन होता. तो किती आहे आणि काढायला परवडेल का, हे पुढच्या महिन्यांत तपासायचं आहे, असं त्या घोषणेतच होतं. माझ्यापर्यंत ती बातमी पोचली ती मोबाइलवर, 'खजिना सापडला' अशा मथळ्यानं. सोसायटीच्या कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी लोक विचारत होते की आता सिलिंडर कितीला मिळेल. मी काय सांगणार? एक विहीर म्हणजे क्षेत्र नाही, आणि 87 टक्के हा शुद्धतेचा आकडा आहे, मोजमापाचा नाही.

आणि त्याच वर्षी आपल्या दारातल्या शोधांचं काय झालं? मुंबईच्या समुद्रात 'सूर्यमणी' आणि 'वज्रमणी' हे दोन शोध जाहीर झाले. त्याआधी 2023 मध्ये 'अमृत' आणि 'मूंगा'. ही नावं तुमच्यापैकी किती जणांच्या बातमीदारांना ठाऊक आहेत, हे मी विचारत नाही. ठाऊक असायला हवीत, एवढंच म्हणतो.

आकड्यांचंही तसंच. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवायला ब्रिटनच्या बीपीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. दहा वर्षांच्या कराराच्या काळात तेल 44 टक्क्यांपर्यंत आणि गॅस 89 टक्क्यांपर्यंत वाढेल असा अंदाज दिला गेला. कशाच्या तुलनेत? बेसलाइनच्या. आणि जुन्या क्षेत्राची बेसलाइन म्हणजे काही न करता जे येत राहिलं असतं ती रेघ, ती दर वर्षी खालीच जाते. घसरत्या रेघेपेक्षा 89 टक्के जास्त आणि आजच्यापेक्षा 89 टक्के जास्त यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन ओळी लागल्या असत्या. त्या दोन ओळी नसल्या की पाच वर्षांनी लोक म्हणणार, वाढणार होतं ना, मग कुठे गेलं? आणि रिगवर घाम गाळणाऱ्या माणसाला कामचुकार ठरवतील.

एप्रिल 2020 तर आठवतच असेल. अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव उणे 37 डॉलरवर बंद झाला आणि तेल फुकट झालं अशा अर्थाचे मथळे आले. तो भाव होता ओक्लाहोमातल्या कुशिंग नावाच्या गावी मे महिन्यात डिलिव्हरी घ्यायच्या सौद्याचा, आणि तिथल्या टाक्या भरायला आल्या होत्या. आपण घेतो ते आखाती तेल आणि युरोपातलं ब्रेंट तेल काही उण्यात गेलं नव्हतं. आपल्याकडच्या एमसीएक्स बाजारात मात्र त्याच अमेरिकी भावावर सौदे होत होते. बॅरलला उणे 2,884 रुपयांनी हिशोब मिटला. आमच्या इमारतीतल्या एका तरुणानं लॉकडाऊनमध्ये घरबसल्या दोन लॉट घेतले होते, कारण 'एवढं स्वस्त तेल पुन्हा मिळणार नाही' असं त्यानं वाचलं होतं. त्याच्या आईनं दागिने मोडले. मी त्या घरी बसून आलो आहे.

छायाचित्रांबद्दल एकच. मुंबई हायच्या बातमीवर वाळवंटात मान हलवणाऱ्या पंपाचा फोटो लावू नका. आपलं तेल 75-80 मीटर खोल पाण्यात पाय रोवून उभ्या राहिलेल्या लोखंडावर निघतं, तिथे माणसं राहतात. त्यांच्या बायका-मुलांना तो वाळवंटाचा फोटो बघून काय वाटतं, हे मला घरी ऐकायला मिळायचं.

माणसांचा विषय निघाला म्हणून. 27 जुलै 2005 ला मी घरी होतो, माझे चौदा दिवस सुट्टीचे होते. आदल्या दिवशीच्या पावसानं सगळं बुडालं होतं, फोन बंद होते. दुपारी चारच्या सुमारास मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला 'समुद्र सुरक्षा' ही नौका धडकली. नौकेवरच्या आचाऱ्याची बोटं कापली होती, त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायला ती जवळ आली होती. गॅस वाहून आणणारा रायझर फुटला, आग लागली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म उरला नाही. 22 माणसं गेली. त्या आठवड्यात तुमची पानं महापुरानं भरली होती आणि ती तशी भरायलाच हवी होती. पण पाणी ओसरल्यावरही त्या बावीस जणांकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा कामगारांना राहायचा तरंगता बार्ज बुडाला. 261 जण होते वर, सत्तरहून जास्त गेले. बहुतेक ठेकेदारांचे कामगार: वेल्डर, फिटर, रंगारी. दोन आठवडे कॅमेरे होते. नंतर वादळाचा इशारा मिळाल्यावर बार्ज कुणी, किती तासांत किनाऱ्याला आणायचा याचे नियम काय झाले, हे दर वर्षी मे महिन्यात तुम्ही विचारायला हवं होतं. वाट पाहणारी घरं अजून आहेत.

आमच्या करंजा, दिवाळे, सारसोळ्याच्या कोळी बांधवांचंही त्यात आलं. प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरचं क्षेत्र त्यांना बंद असतं, ते त्यांना मान्य आहे. पण समुद्राखालचा खडक तपासणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणाची जहाजं ऐन मासेमारीच्या हंगामात येतात आणि तारखा कळेपर्यंत जाळी पाण्यात गेलेली असतात. ती तारीख आधी छापणं तुमच्या हातात आहे.

मागणं फार नाही. प्रत्येक मोठ्या वर्तमानपत्रानं आणि वाहिनीनं एक बातमीदार या कामासाठी ठेवावा, जसा तो विधिमंडळासाठी असतो. त्यानं महिन्यातून एकदा उरणला जावं, न्हाव्याला जावं, महापेच्या गॅस स्टेशनबाहेर उभं राहावं, जुहूला परतलेल्या पोरांबरोबर चहा घ्यावा. शोधाची बातमी आली की विचारावं: किती विहिरी, चाचणी झाली का, उत्पादन कधी, कुठल्या भावानं, कुणाला. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं छापावं. शब्द अडले तर माझ्यासारखे निवृत्त लोक नेरूळ, खारघर, पनवेलमध्ये घरोघर बसले आहेत. आम्ही पैसे मागणार नाही. मला अजून पाइपच्या आवाजावरून सांगता येतं की बिट कुठल्या दगडात आहे.

आणि एक छोटी गोष्ट, ती तर पुढच्याच महिन्यापासून करता येईल. सोन्याचांदीचे भाव तुम्ही रोज चौकटीत देता. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन आणि विश्लेषण कक्ष दर महिन्याच्या अखेरीला पुढच्या महिन्याचा देशातल्या गॅसचा भाव जाहीर करतो. एका ओळीचा आकडा असतो. वर्षातून बारा वेळा, सोन्याच्या शेजारी, तो आकडा आणि त्याचे किलोमागे रुपये किती होतात एवढं द्या. त्या रिक्षावाल्याला मी शब्द दिला आहे की मी संपादकांना पत्र लिहीन. तो रोज सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर पेपर वाचतो.

आपला,
एक निवृत्त ड्रिलर
नेरूळ, नवी मुंबई